दक्षिण ध्रुवप्रकाशासाठी २४ मिमी: सोनीच्या एफ १.४ जीएम लेन्सचे परीक्षण

ध्रुवप्रकाशाची छायाचित्रे घ्यायची असतील तर १४ मिमीची अतिरुंद लेन्सच हवी, असा सल्ला जवळजवळ प्रत्येक जण देतो. नॉर्वेतील ट्रोम्सो किंवा आइसलँड यांसारख्या ठिकाणी, जिथे प्रकाशाचे पडदे थेट माथ्यावर उलगडतात, तिथे हा सल्ला रास्तच आहे. मात्र टास्मानिया, व्हिक्टोरियाचा किनारा किंवा न्यूझीलंडचे दक्षिण बेट अशा तुलनेने कमी अक्षांशांवरून दक्षिण ध्रुवप्रकाश पाहायचा असेल, तर हा सल्ला जसाच्या तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सोनी कंपनीची एफई २४ मिमी एफ १.४ जीएम ही लेन्स मी इंदूरमधून भाड्याने घेतली, जानापावच्या डोंगरावर तिच्यावर हात बसवला आणि मागील सप्टेंबरात होबार्टला भाच्याकडे मुक्कामाला असताना ती प्रत्यक्ष कामी लावली. इंदूरच्या मराठी घरांतील मुले-नातवंडे आता मेलबर्न, सिडनी, ऑकलंड येथे स्थायिक झालेली आहेत आणि त्यांना भेटायला जाताना ‘जमल्यास ऑरोराही पाहू’ असे म्हणणारे मला वरचेवर भेटतात. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

लेन्सकडे वळण्याआधी भूमिती समजून घेणे आवश्यक आहे, कारण लेन्सची निवड तिच्यावरच ठरते. ध्रुवप्रकाशातील हिरवा रंग प्रामुख्याने १०० ते १५० किमी उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंपासून येतो आणि त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर असते. लाल रंगही ऑक्सिजनचाच असतो, पण तो साधारण २०० किमीच्या वरच्या, अतिशय विरळ हवेत निर्माण होतो आणि त्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर असते. पृथ्वी गोल असल्यामुळे ११० किमी उंचीवरचा हिरवा प्रकाश सुमारे १२०० किमीपेक्षा दूर असेल तर आपल्या क्षितिजाखाली जातो. ३०० किमी उंचीवरचा लाल प्रकाश मात्र जवळजवळ २००० किमी अंतरावरूनही क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. विषुववृत्ताच्या दिशेने सरकत जावे तसा हिरवा रंग आधी लोपतो आणि लाल मागे उरतो, त्याचे कारण हेच. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली झाक लाल होती, तीही याच न्यायाने. ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच जी ५, म्हणजे सर्वोच्च पातळीचे भूचुंबकीय वादळ त्या वेळी आले होते, आणि त्याच रात्री ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडपर्यंत दक्षिण ध्रुवप्रकाश दिसला होता. याहूनही मोठ्या वादळात, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री, खुद्द मुंबईतून ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे.

अशा रात्री दुर्मीळ असतात, त्यामुळे लेन्सची निवड नेहमीच्या, मध्यम ताकदीच्या रात्रीसाठी करायला हवी. होबार्टच्या दक्षिणेस ७०० किमीवर समुद्रावर प्रकाशाचा पट्टा उभा आहे असे धरले, तर हिशेबाने त्याची हिरवी खालची कड क्षितिजापासून सुमारे ६ अंशांवर आणि ३०० किमी उंचीवरचा लाल भाग सुमारे २० अंशांवर दिसेल. म्हणजे पाहण्यासारखे जे काही आहे, ते १४ अंशांच्या पट्टीत सामावलेले असते. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आडवा धरला असता १४ मिमी लेन्सची उभी व्याप्ती ८१ अंश असते. त्यात ही पट्टी चित्राचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापते आणि उरलेल्या चित्रात वर रिकामे आकाश व खाली काळी जमीन येते. २४ मिमीची उभी व्याप्ती ५३ अंश असल्याने तीच पट्टी चित्राचा पाव भाग भरते, आणि ३५ मिमीमध्ये ती एक तृतीयांशाहून अधिक होते. घरी आल्यावर १४ मिमीचे चित्र कापून मोठे करता येईल, असे कोणी म्हणेल. पण अंधारात घेतलेल्या, दाणेदार चित्रातून सहावा हिस्सा कापून काढला की त्यात फारसे काही उरत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत घेणारे भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठे; एफ १.४ वर सेन्सरवर पडणारा प्रकाश एफ २.८ च्या तुलनेत चौपट असतो, त्यामुळे जे चित्र एफ २.८ वर २० सेकंदांत मिळते, तेच त्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरच्या त्याच संवेदनशीलतेवर, ५ सेकंदांत मिळते. हा फरक केवळ सोयीचा नाही. हिरवा प्रकाश देणारा उत्तेजित ऑक्सिजनचा अणू सरासरी पाऊण सेकंदात विझतो, म्हणून हिरव्या कडेतील हालचाल जलद असते. लाल प्रकाश देणारा अणू मात्र सरासरी ११० सेकंद उत्तेजित राहू शकतो, म्हणून लाल झाक संथपणे बदलते. वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये लाल भागाचे फारसे नुकसान होत नाही, पण हिरव्या कडेवरून उभे राहणारे आणि आडवे सरकत जाणारे प्रकाशाचे खांब एकमेकांत मिसळून त्यांचा सपाट धूसर पट्टा होतो. खांब सुटे आणि रेखीव हवे असतील तर ४ ते ६ सेकंदांच्या आत काम आटोपावे लागते, आणि ते आयएसओ फार न वाढवता साधायचे असेल तर एफ १.४ ला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष लेन्सविषयी. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या या लेन्सचे वजन ४४५ ग्रॅम आहे. एफ १.४ च्या रुंद लेन्सच्या मानाने हे वजन खरोखरच कमी आहे आणि प्रवासात, विशेषतः विमानात हातातल्या बॅगेचे वजन मोजले जाते तेव्हा, त्याचे मोल कळते. समोरच्या बाजूला ६७ मिमीचा फिल्टर बसतो. कडेला ॲपर्चरचे स्वतंत्र कडे आहे, आणि रात्रीच्या कामासाठी मला या लेन्समधील सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटली. कडे एका टोकाला अडेपर्यंत फिरवले की एफ १.४ होते, तिथून दोन-तीन टकटक मागे घेतले की एफ १.८ किंवा एफ २. हातमोजे घातलेले असताना, डोळे अंधाराला सरावलेले असताना आणि कॅमेऱ्याचा पडदा उजळवायचा नसताना ही गोष्ट केवळ स्पर्शाने करता येते. एका खटक्याने ही टकटक बंदही करता येते, परंतु ती सोय चलचित्रणासाठी आहे. अंधारात टकटक चालूच ठेवावी.

आकाशाच्या छायाचित्रणात लेन्सची खरी कसोटी कोपऱ्यांत लागते. बहुतेक वेगवान रुंद लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर कोपऱ्यांतील ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे ताणतात. याला कोमा म्हणतात. कमी अक्षांशांवरून दिसणारा ध्रुवप्रकाश कमानीच्या आकाराचा असतो आणि कमानीची दोन्ही टोके चित्राच्या खालच्या कोपऱ्यांकडेच उतरतात, म्हणून इथे हा दोष अधिक जाचतो. या लेन्सच्या रचनेत कोमा आटोक्यात ठेवण्यासाठी दोन एक्सए, म्हणजे अतिशय काटेकोर घडवलेली अगोलाकार, भिंगे वापरलेली आहेत, आणि त्यांचा परिणाम नजरेला दिसतो. जानापावला मी व्याधाचा तारा मुद्दाम चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिला. एफ १.४ वर तो अगदी टोकाला किंचित लांबट होतो, पण त्याला पंख फुटत नाहीत. एफ २ वर तो जवळजवळ ठिपक्यासारखाच येतो. कोपरे काळवंडण्याचे प्रमाण मात्र एफ १.४ वर ठळक आहे. संगणकावर ते उजळता येतात, परंतु उजळताना तिथला दाणाही वर येतो. म्हणून आकाश शांत असेल, नुसती स्थिर कमान असेल, तर मी एफ १.८ किंवा एफ २ वर ८ ते १० सेकंद देते, आणि खांब उभे राहू लागले की कोपऱ्यांची पर्वा न करता कडे एफ १.४ वर नेते.

फोकसचे कडे यांत्रिक नसून विजेवर चालते. ते अखंड गोल फिरते, त्याला शेवट नाही, आणि नळीवर अंतराचे आकडेही नाहीत. जुन्या पद्धतीच्या हाताने फिरवायच्या लेन्सवर एकदा ताऱ्यावर फोकस करून कड्यावर चिकटपट्टी लावली की रात्रभर निश्चिंत राहता येते. तशी सोय येथे नाही. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला, किंवा बॅटरी बदलली, की फोकस पुन्हा तपासून घ्यावा. कड्याचा प्रतिसाद मात्र समप्रमाणात आहे, म्हणजे जेवढे फिरवावे तेवढाच फोकस सरकतो, त्यामुळे ताऱ्यावर बारीक फोकस साधणे अवघड नाही. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांमध्ये ‘ब्राइट मॉनिटरिंग’ नावाची सोय असते आणि ती एखाद्या बटणाला नेमून ठेवावी लागते. हे काम घरीच उजेडात करून ठेवावे. ती चालू केली की काळ्या पडद्यावरही क्षितिजाची रेषा आणि तारे दिसू लागतात.

जानापावच्या रंगीत तालमीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण इंदूरकरांना ती सहज करता येईल. महूच्या पुढे असलेल्या या डोंगरावर उभे राहिले की इंदूर-महूचा उजेड ईशान्येकडे पाठीशी राहतो आणि दक्षिणेचे क्षितिज तुलनेने काळे मिळते. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य तारा बरोबर दक्षिणेला येतो. इंदूरच्या अक्षांशावरून त्याची त्या वेळची उंची साडेचौदा अंशांच्या आसपास असते, आणि होबार्टहून मध्यम ताकदीची कमान ज्या ६ ते २० अंशांच्या पट्टीत दिसते, तिच्या जवळजवळ मध्यावर ही उंची येते. म्हणजे अगस्त्याला चित्रात जिथे बसवाल तिथेच टास्मानियात ध्रुवप्रकाश येणार आहे. क्षितिज किती खाली ठेवायचे, पुढ्यातले झाड किंवा खडक किती उंच चालेल, २४ मिमी पुरेल की ३५ हवी, या सगळ्याचा अंदाज तिथे जाण्यापूर्वीच येतो. अगस्त्य तेजस्वी असल्यामुळे फोकससाठीही तोच वापरावा. विशेष म्हणजे होबार्टला हा तारा कधीच मावळत नाही. सप्टेंबरात रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेपासून किंचित आग्नेयेला, दहा-बारा अंशांवर असतो. इंदुरात ज्या ताऱ्यावर फोकसचा सराव केला, त्याच ताऱ्यावर, जवळपास त्याच उंचीवर, तिथेही फोकस करता येतो.

होबार्ट ४२.९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे उत्तरेकडे साधारण जिथे रोम येते तिथे. तरीही तिथून ध्रुवप्रकाश दिसतो, कारण दक्षिण चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर, अंटार्क्टिकाच्या ऑस्ट्रेलियाकडील किनाऱ्यानजीक आहे आणि ध्रुवप्रकाशाचे वर्तुळाकार कडेही त्या बाजूला झुकलेले असते. अर्जेंटिनातील उशुआइया शहर जवळजवळ ५५ अंश दक्षिणेला असूनही तिथे ध्रुवप्रकाश क्वचित दिसतो, हे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. नकाशात केवळ दक्षिणेकडचे टोक पाहून प्रवासाचा बेत आखू नये. होबार्टजवळ साऊथ आर्म द्वीपकल्पावर दक्षिणाभिमुख किनारे आहेत, आणि गाडीरस्त्याने आणखी दक्षिणेला कॉकल क्रीकपर्यंत जाता येते. समोर दक्षिणेला खुला समुद्र आणि त्यावर एकही दिवा नाही, एवढी एकच अट जागेकडून पुरी व्हायला हवी.

आम्ही साऊथ आर्मला उभे होतो त्या रात्री वादळाची पातळी जी २ पर्यंत गेली होती. नुसत्या डोळ्यांना सुरुवातीला दिसला तो समुद्रावर टेकलेला राखाडी पट्टा. मला तो ढगच वाटत होता, पण भाचा म्हणाला, “आत्या, ढग नाही हा, तारे बघ आरपार दिसताहेत.” ही खूण अचूक आहे. ढग तारे झाकतो, ध्रुवप्रकाश झाकत नाही. खात्रीसाठी आम्ही मोबाइल दक्षिणेकडे धरून नाइट मोडमध्ये काही सेकंदांचे चित्र घेतले, तेव्हा त्यात हिरवा रंग आला. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ दादच देत नाहीत. म्हणून कमी अक्षांशावरून दिसणाऱ्या ध्रुवप्रकाशाचा मोठा भाग कॅमेऱ्याला दिसतो पण आपल्याला दिसत नाही. घरच्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवावे. छायाचित्रांतले किरमिजी आकाश मनात धरून आलेली माणसे राखाडी पट्टा पाहून हिरमुसतात, आणि तासाभराने जेव्हा त्याच पट्ट्यातून फिकट खांब उभे राहून संथपणे पश्चिमेकडे सरकू लागतात, तेव्हा ती गाडीत जाऊन बसलेली असतात.

ते खांब उभे राहिले तेव्हा मी एफ १.४, आयएसओ २०००, ५ सेकंद या मापांवर काम करत होते. चित्रात खाली पिवळट हिरवी कड, तिच्यावर गुलाबी आणि त्याहून वर गडद लाल असे थर सुटे आले. खांबांच्या कडा रेखीव राहिल्या आणि अगस्त्याच्या अंगावरून एक खांब गेला त्यातही ताऱ्याचा ठिपका फाटला नाही. त्याच रात्री भाच्याने त्याच्या जुन्या १४ मिमी एफ २.८ लेन्सने २० सेकंदांची चित्रे घेतली. त्यांत कमान पूर्ण आली आहे, पण खांब ओळखू येत नाहीत. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि माझे मत पक्के झाले.

या लेन्सवर फिल्टर बसवता येतो, ही सोय इतर वेळी चांगली आहे. ध्रुवप्रकाशाच्या वेळी मात्र समोरचा संरक्षक किंवा यूव्ही फिल्टर आठवणीने काढून ठेवावा. ध्रुवप्रकाश हा सूर्यप्रकाशासारखा सर्व तरंगलांबींचा मिळून झालेला नसतो. तो मोजक्या, अतिशय अरुंद रेषांचा असतो. अशा एकरंगी प्रकाशाचे फिल्टरच्या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये परावर्तन होऊन व्यतिकरण घडते आणि चित्राच्या मध्यभागी, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांप्रमाणे, एकात एक वर्तुळे उमटतात. ती पडद्यावर लहान आकारात चटकन लक्षात येत नाहीत आणि संगणकावर पुसताही येत नाहीत. भाड्याच्या लेन्सवर दुकानदार बहुधा फिल्टर चढवूनच देतात, म्हणून हे विशेष सांगावेसे वाटते.

दवाचा त्रास समुद्रकाठी हमखास होतो. लेन्सच्या तोंडाशी गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी तापपट्टी मिळते. ती सोबत असावी. पट्टी फोकसच्या कड्यावर येणार नाही अशा बेताने, पुढच्या कडेशी बांधावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जास्तीची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी.

आता १४ मिमीची बाजू. २४ मिमीची आडवी व्याप्ती ७४ अंश आहे, आणि चांगल्या रात्री कमान त्याहून कितीतरी रुंद पसरते. एका चित्रात ती मावत नाही. कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे चित्रे घ्यावी लागतात आणि नंतर जोडावी लागतात. खांब सरकत असताना ही जोडणी कधी कधी नीट बसत नाही, ही या लेन्सची खरीखुरी मर्यादा आहे. आणि मे २०२४ सारख्या रात्री, जेव्हा खांब माथ्यापर्यंत पोचतात, तेव्हा २४ मिमी तोकडीच पडते. ज्यांना दोन लेन्स परवडतील त्यांनी सोनीच्याच १४ मिमी एफ १.८ जीएमचा विचार करावा. २०२१ मध्ये आलेल्या त्या लेन्सचे वजन ४६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ हिच्याइतकेच आहे. परंतु एकच लेन्स न्यायची असेल तर मी २४ मिमीच नेईन, कारण महिनाभराच्या मुक्कामात जी १ किंवा जी २ ची रात्र मिळण्याची आशा धरता येते, जी ५ ची नाही.

लेन्स कितीही चांगली असली तरी रात्र योग्य हवी, म्हणून अंदाजाच्या सेवांविषयी आवश्यक तेवढे सांगते. ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाचे अवकाश-हवामान केंद्र ध्रुवप्रकाशाच्या सूचना ईमेलने विनामूल्य पाठवते. इंदूरहून निघण्यापूर्वीच तिथे नाव नोंदवावे. केपी हा भूचुंबकीय हालचालींचा ० ते ९ चा निर्देशांक सर्वांना ठाऊक असतो, पण तो तीन-तीन तासांचा असल्याने उभ्या उभ्या निर्णय घ्यायला तो अपुरा पडतो. खरी नजर ठेवायची ती सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्राच्या बीझेड या घटकावर. तो दक्षिणेकडे, म्हणजे ऋण बाजूला वळून तसाच टिकून राहिला, तरच पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा शिरते. ही मोजमापे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवरील एल १ बिंदूपाशी असलेली याने करतात. भारताचे ‘आदित्य एल १’ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून त्याच परिसरात आहे. सौरवारा सेकंदाला ५०० किमी वेगाने येत असेल तर तिथून पृथ्वीपर्यंत ५० मिनिटे लागतात. होबार्ट शहरातून साऊथ आर्मला पोचण्यास तेवढा वेळ पुरतो. मार्च आणि सप्टेंबर या विषुवदिनांच्या आसपास भूचुंबकीय वादळे तुलनेने अधिक होतात, तर जूनमध्ये होबार्टला रात्र पंधरा तासांची असते. डिसेंबरात, म्हणजे आपल्याकडील मंडळी मुलांच्या सुट्ट्या साधून जातात तेव्हा, तिथे उन्हाळा असून रात्र लहान असते आणि दक्षिणेकडे संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. निव्वळ ध्रुवप्रकाशासाठी जाणाऱ्यांनी तो महिना टाळावा.

आणखी एक सावधगिरी रंगांबाबत. वातावरणाची स्वतःची अंधुक दीप्ती असते, तीही ५५७.७ नॅनोमीटरचीच हिरवी असते आणि लांब एक्स्पोजरमध्ये कोणत्याही अंधाऱ्या जागेवरून उमटते. तिला ध्रुवप्रकाश समजू नये. ती आकाशभर पट्ट्यापट्ट्यांत पसरलेली असते, दक्षिणेला जखडलेली नसते. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान स्थिर ठेवून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात चित्रे घ्यावीत आणि नंतर रंग भडक करण्याचा मोह आवरावा. या लेन्समधून लाल आणि हिरव्याच्या मधल्या छटा इतक्या स्वच्छ येतात की त्यांना वरून रंग चढवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

किमतीचा प्रश्न उरतो. नवी लेन्स लाखाच्या वर जाते, आणि केवळ एका प्रवासासाठी ती विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. इंदुरात लग्नसराईच्या छायाचित्रकारांमुळे भाड्याने साहित्य देणारी दुकाने चांगली रुळलेली आहेत, आणि लग्नात २४ मिमी एफ १.४ ला मागणी असल्यामुळे ही लेन्स मिळण्यास अडचण येत नाही. मात्र लग्नाच्या दाट तिथी टाळून, बरीच आधी सांगून ठेवावी लागते. घेताना दुकानातच लेन्स कॅमेऱ्याला लावून एफ १.४ वर दूरच्या दिव्यांचे चित्र घ्यावे, आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांतले दिवे सारखेच स्पष्ट आहेत ना, हे मोठे करून पाहावे. एक बाजू धूसर असेल तर आतले एखादे भिंग सरकलेले असते; लग्नात नाचणाऱ्या माणसांच्या चित्रात तो दोष लपतो, ताऱ्यांच्या चित्रात लपत नाही. लेन्स परदेशी नेत असल्याची दुकानदाराला स्पष्ट कल्पना द्यावी, भाड्याच्या पावतीवर तिचा क्रमांक लिहून घ्यावा आणि भारतातून निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ती तिकडे विकत घेतली नसल्याचा पुरावा हाती राहतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

ज्यांच्याकडे लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी कॅमेरा आहे, त्यांना हीच चौकट १६ मिमी एफ १.४ लेन्समध्ये मिळते, आणि सिग्माची तशी लेन्स बरीच स्वस्त आहे. मेलबर्नला मुक्काम असणाऱ्यांना टास्मानियापर्यंत जाणे जमणार नसेल, तर मॉर्निंग्टन द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्यावरूनही जोरदार रात्री लाल कमान टिपता येते. तिथे ती आणखी खाली, क्षितिजाला चिकटून असते, त्यामुळे २४ मिमीसुद्धा रुंद पडते. अशा ठिकाणी घरात आधीपासून असलेली ५० मिमी एफ १.८ पुरेशी आहे. तिची उभी व्याप्ती २७ अंशच असल्याने कॅमेरा उभा धरावा, प्रत्येक चित्र ६ ते ८ सेकंदांचे घ्यावे आणि लगतच्या दोन चित्रांत एक तृतीयांश भाग सामाईक ठेवून आग्नेयेकडून नैर्ऋत्येकडे सरकत जावे.